न भाजलेले धणे

आईने करून दिलेला कांदा-लसूण मसाला मी पहिल्यांदा कोंबडीच्या तंगड्यांना चोळून निखाऱ्यांवर ठेवला, त्याला आता तीन हिवाळे झाले. गच्चीवरच्या लोखंडी शेगडीत बाभळीचा कोळसा चांगला फुलला होता, मसाला घरचा होता आणि कोंबडी त्याच सकाळी आणलेली होती, त्यामुळे काही बिघडेल अशी शंकाही मनात आली नव्हती. पाचव्या-सहाव्या मिनिटाला वास बदलला. सुरुवातीचा खमंगपणा ओसरला आणि करपलेल्या कांद्याचा उग्र दर्प येऊ लागला. दहा-बारा मिनिटांनी जाळीवरून उचललेल्या तंगड्या बाहेरून काळ्याठिक्कर होत्या आणि हाडाजवळ अजून गुलाबी होत्या. वरचा थर खरवडून, उरलेले मांस पुन्हा शिजवून आम्ही ते खाल्ले, पण कडवटपणा गेला नाही. ज्या मसाल्याचा रस्सा उकळू लागला की जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत वास पोहोचतो, त्याच मसाल्याची ही गत झालेली पाहून मला खरोखर वाईट वाटले.

रात्री कोल्हापूरला फोन केला तेव्हा आई म्हणाली, "अगं, तो मसाला आधीच भाजलेला आहे. भाजलेलं परत भाजलंस तर करपणारच की." हे ती सहज बोलून गेली आणि कोळसा कुठला होता, मीठ किती लावले होते, हे विचारू लागली. मी मात्र तिच्या पहिल्या वाक्यापाशीच थांबले होते. निखाऱ्यावर भाजायच्या कोंबडीला कोणता कोरडा मसाला चोळावा, या प्रश्नाचे उत्तर मी पुढची तीन वर्षे शोधत राहिले, त्याची सुरुवात तिथे झाली.

आमच्याकडे वर्षाचा मसाला एप्रिल-मे महिन्यांत होतो, कारण मिरच्या कडकडीत वाळायला तेव्हाचेच ऊन लागते. देठ खुडलेल्या मिरच्या दोन-तीन दिवस जुन्या लुगड्यावर पसरलेल्या असत, उभा चिरलेला कांदा वेगळ्या चादरीवर वाळत असे, आणि मग एका सकाळी आई लोखंडी कढई घेऊन बसे. धणे वेगळे, जिरे वेगळे, तीळ वेगळे, खसखस वेगळी, सुक्या खोबऱ्याचे काप वेगळे. लवंग, दालचिनी, मसाला वेलची, तमालपत्र आणि दगडफूल थोड्या तेलावर. आणि सगळ्यात शेवटी कांदा, तोही चांगला तपकिरी होईपर्यंत. हे सगळे एकत्र भाजता येत नाही, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी असते. खसखस पाहता पाहता रंग बदलते, धणे सावकाश तांबूस होतात, आणि दगडफूल तेलात चांगले परतल्याखेरीज आपला वास सोडतच नाही. भाजलेल्या जिनसा, मिरच्या, लसूण, आले, कोथिंबीर आणि खडे मीठ असे सगळे कांडपावर जाई, आणि परत आलेला मसाला हिंगाचे खडे घालून चिनी मातीच्या बरणीत दाबून भरला जाई. त्या मसाल्याला पुढे वर्षभर जी चव असते, ती त्या सकाळच्या कढईत ठरलेली असते.

हा मसाला रश्शासाठी घडवलेला आहे, ही गोष्ट इतकी उघड होती की मी तिच्याकडे कधी लक्षच दिले नव्हते. रश्शात पाणी असते, आणि पाणी आहे तोवर पातेल्यातला मसाला शंभर अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही. फोडणीत त्याला जे काही क्षण जास्त आच लागते, तेवढीच. निखाऱ्यावरच्या मांसाचे तसे नाही. त्याचा पृष्ठभाग एकदा कोरडा झाला की तापमान दीडशे अंशांच्या पलीकडे जायला वेळ लागत नाही आणि जाळीच्या तारा त्याहून कितीतरी जास्त तापलेल्या असतात. तळलेला कांदा, भाजलेले खोबरे आणि तीळ करपण्याच्या अगदी काठावर आणून ठेवलेले असतात. पातेल्यात ते काठावरच थांबतात, कारण पाणी त्यांना पुढे जाऊ देत नाही. शेगडीवर त्यांना अडवणारे कोणी नसते.

तेव्हापासून कोरड्या मसाल्यात काही घालायचे झाले की त्याचे भाजणे अजून शिल्लक आहे का, एवढे मी आधी पाहते. या एका कसोटीवर आमच्या फडताळातल्या जवळजवळ सगळ्या बरण्या बाद झाल्या. मालवणी मसाला भाजलेला, गोडा मसाला भाजलेला, खानदेशातला काळा मसाला तर भाजून भाजून काळ्या रंगापर्यंत नेलेला. आपल्या स्वयंपाकातले बहुतेक नावाजलेले मसाले ओल्या पदार्थासाठी आहेत आणि म्हणून त्यांचे भाजणे आधीच उरकून घेतलेले असते. निखाऱ्यावर ठेवायच्या मसाल्यात भाजण्याचे काम विस्तवासाठी राखून ठेवावे लागते. धणे कच्चे, जिरे कच्चे, मिरची फक्त उन्हात कडक झालेली असा मसाला चोळून मांस निखाऱ्यावर ठेवले की जे काम आई कढईत करते, ते इथे कोंबडीच्या चरबीत आणि निखाऱ्याच्या आचेवर होते.

कोरडाच मसाला का, दही का नको, असे मला अनेकांनी विचारले आहे. दह्यातली कोंबडी मलाही आवडते. पण तिची खरी जागा तंदूर आहे, जिथे भिंतींची आणि निखाऱ्यांची मिळून चोहोबाजूंची प्रखर उष्णता दह्याचे पाणी झपाट्याने आटवते. माझ्या शेगडीत उष्णता फक्त खालून येते. दह्याचे पाणी निखाऱ्यांवर ठिबकते, वाफेबरोबर राख वर उडते, आणि मांसाचा पृष्ठभाग ओला राहिल्यामुळे बराच वेळ भाजला जाण्याऐवजी वाफवला जातो. ज्या तांबूस, खरपूस रंगासाठी आपण मांस भाजतो, तो साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे, प्रथिने आणि शर्करा यांच्यातल्या प्रक्रियेतून येतो, आणि ओल असेपर्यंत पृष्ठभाग त्या तापमानाला पोहोचू शकत नाही. आणखी एक कारण मनातले आहे. दह्याच्या जाड लेपाखाली मांसाची स्वतःची चव आणि धुराचा वास दोन्ही दबतात, आणि मला तर गच्चीवर बसून तेच दोन्ही हवे असतात.

मसाल्याकडे वळण्याआधी मिठाविषयी सांगायला हवे, कारण माझ्या पहिल्या वर्षाच्या निम्म्या फजितीचे मूळ मिठात होते. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतेच, दुकानातल्या तयार तंदुरी मसाल्याच्या पाकिटावर घटकांची यादी वाचली तर तिथेही ते सहसा सापडते. त्यामुळे मसाला वाढवला की मीठ वाढते, आणि मीठ बेताचे ठेवावे तर मसाला कमी पडतो. या दोघांची फारकत केल्याखेरीज दोन्ही नीट सांभाळता येत नाहीत. त्यांचे कामही वेगळे आहे. मीठ मांसात शिरते, मसाला शिरत नाही. मीठ लावल्यावर आधी मांसाला पाणी सुटते, त्या पाण्यात मीठ विरघळते, आणि काही तासांत ते खारे पाणी पुन्हा आत ओढले जाते. आत गेलेले मीठ प्रथिनांची वीण सैल करते, त्यामुळे भाजताना मांस आकसून पाणी बाहेर टाकण्याचे प्रमाण घटते. मसाल्यातले बहुतेक सुगंधी पदार्थ मात्र पाण्यात विरघळत नाहीत, ते तेलातच उतरतात. कोंबडीला रात्रभर मसाला लावून ठेवला की तो "मुरतो" असे आपण म्हणतो, तेव्हा खरे पाहता मुरलेले असते ते मीठ, आणि मसाला होता तिथेच, वरच्या वर, बसलेला असतो.

हे समजल्यावर मी काम दोन दिवसांत वाटून टाकले. आदल्या संध्याकाळी फक्त मीठ लावायचे. हाडांसकट एक किलो तंगड्यांना साधारण बारा ते तेरा ग्रॅम मीठ मला पुरते, आणि ते मी काट्यावर तोलूनच घेते, कारण बारीक मिठाचा चमचा आणि खड्या मिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो. मीठ लावलेल्या तंगड्या खोलगट ताटात, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकण न घालता ठेवायच्या. फ्रिजमधली कोरडी थंड हवा रात्रभरात त्यांची कातडी सुकवते. सकाळी हात लावला तर ती कागदासारखी ताणलेली लागते. मसाला लावायची वेळ येते ती कोळसा पेटवल्यानंतर.

कातडी, असे मी म्हणाले खरे, पण ती मिळवायलाही मला थोडी खटपट करावी लागली. आपल्याकडे कोंबडी विकणारा न विचारता एका हिसक्यात कातडी ओढून काढतो, कारण रश्शासाठी कोणालाच ती नको असते. मी पहिल्यांदा कातडीसकट मागितली तेव्हा दुकानदाराने दोनदा विचारून खात्री करून घेतली. पिसे उपटून, वरून लव भाजून घेतलेली कातडीची कोंबडी हवी असेल तर आता मी आदल्या दिवशीच सांगून ठेवते. कोरड्या मसाल्यासाठी हा आग्रह धरण्यासारखा आहे, कारण कातडीखालची चरबी वितळून वर येते, आणि ज्या तेलात मसाला तळला जायला हवा ते तेल तीच पुरवते. कातडी नसेल तर मसाला कोरड्या मांसावर बसतो आणि भाजण्याऐवजी धुळीसारखा करपतो. अशा वेळी शेंगदाण्याच्या तेलाचा पातळ हात फिरवूनच मसाला लावावा. कोंबडीची जातही इथे महत्त्वाची आहे. रश्शाला गावरान कोंबडीची सर कशालाच नाही, पण तिचे चिवट मांस थोड्या वेळाच्या आचेवर मऊ होत नाही. शेगडीसाठी बॉयलरच्या तंगड्या आणि मांड्या घ्याव्यात. छातीचे मांस मी घेत नाही, कारण ते शिजणे आणि कोरडे पडणे यांत फार थोडे अंतर असते.

मिरचीची निवड करताना मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. मिरचीकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात, रंग आणि तिखटपणा, आणि दोन्ही एकाच मिरचीत हव्या तितक्या मिळत नाहीत. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी बेडगी मिरची सुरकुतलेली, गडद लाल आणि बेताची तिखट असते. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. संकेश्वरी सडपातळ आणि चांगली तिखट, आणि लवंगी तर त्याहून झोंबरी. आईच्या मसाल्यात तिखटाचा भार संकेश्वरी उचलते. तंगड्यांना चोळायच्या मसाल्यात मी चार भाग बेडगी आणि एक भाग संकेश्वरी यावर येऊन स्थिरावले. कारण असे की विस्तवावर मिरचीचा तिखटपणा टिकून राहतो, पण तिचा रंग आणि तिची ती सुक्या फळासारखी गोडसर चव टिकवायला प्रमाण जास्त लागते. मिरचीचा लाल रंग तेलात उतरणारा असल्यामुळे चरबी सुटू लागली की तो पसरतो, आणि ज्याला आपण रश्शावरचा तांबडा कट म्हणतो, त्याचीच एक पातळ झिलई तंगडीवर येते.

मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली आणि तिला नाव मात्र मिऱ्याचे मिळाले. आधी तिखटपणासाठी मिरी होती, म्हणून नवे तिखट आले तेव्हा तेही मिरीच्याच घरातले ठरले. शेगडीवर मात्र या दोघींचे वागणे अगदी वेगळे दिसते. मिरीचा जीव तिच्या वासात असतो आणि तो उडून जाणारा असतो. बारीक पूड करून आधीच चोळली तर अर्ध्या तासाच्या आचेनंतर तिच्यात नुसता जळजळीतपणा उरतो. म्हणून मी मिरी दोन वेळा घालते. मसाल्यात जाडसर ठेचलेली, आणि मांस खाली उतरवल्यावर ताजी कुटून चिमूटभर.

धण्यांचा शोध मला सर्वांत आनंद देऊन गेला. रश्शात धण्यांचे काम पाठीमागे राहून दाटपणा आणि गोलाई देण्याचे असते आणि त्यामुळे त्यांची स्वतःची चव वेगळी काढून ओळखण्याची वेळ आपल्यावर येत नाही. कच्चे धणे खलबत्त्यात भरड कुटून चोळले तर ते चरबीत हळूहळू भाजले जातात आणि त्यांचा लिंबाच्या सालीसारखा ताजा वास पहिल्या वीस मिनिटांत गच्चीभर पसरतो. खाताना त्यांचे कण दाताखाली कुरकुरीत लागतात. पुढे मिक्सरमध्ये वस्त्रगाळ पूड करून पाहिली, तर तीच पूड चरबीत भिजून चिखलासारखी बसली आणि पातळ जागी करपली. भरड कुटलेल्या मसाल्याचे कण एकमेकांपासून सुटे राहतात, त्यांच्यामधून वाफ निघून जाते आणि चरबी वाहू शकते, म्हणून कोरड्या मसाल्यात मिक्सरपेक्षा खलबत्ता बरा. मिरचीही मी अशीच, बिया झटकून, भरड करते. फार बारीक तिखट निखाऱ्यावर पडले की जो ठसका लागतो, तो एकदा अनुभवला की हा नियम लक्षात राहतो.

धण्यांच्या जोडीला बडीशेप आहे आणि ती मला मालवणी मसाल्याने शिकवली. तो मसाला मी शेगडीसाठी बाजूला ठेवला, पण त्याच्या घटकांची यादी पुन्हा पुन्हा वाचत राहिले, आणि त्यातली बडीशेप उचलली. तिच्यामुळे मसाल्याला साखरेशिवाय गोडवा येतो. साखरेचा प्रश्न मी याआधी वेगळ्या वाटेने सोडवायला गेले होते. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराच्या पद्धतीच्या कोरड्या मसाल्यात पॅप्रिका म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड आणि तपकिरी साखर हातात हात घालून असतात, असे वाचून मी साखरेच्या जागी गूळ किसून घातला. गुळाचे काळे डाग तंगड्यांवर जागोजागी पडले आणि कडू लागले. साखर साधारण एकशे साठ अंशांपासून रंग बदलू लागते आणि त्यापुढे लवकरच जळते, हे ध्यानात घेतले तर यात नवल नाही. तिकडे साखरेचा मसाला लावलेले मांस विस्तवापासून दूर ठेवून, एकशे दहा ते एकशे वीस अंशांच्या धुरात कित्येक तास सावकाश शिजवतात, म्हणून तिथे साखर चालते. टेक्सासच्या मध्य भागात तर गोमांसाला नुसते मीठ आणि मिरी लावून धुराच्या हवाली करतात. मसाला कोणता हे आधी ठरवून विस्तव नंतर शोधायचा नसतो, हे मी गुळाच्या त्या डागांवरून शिकले.

मेम्फिसकडून मी दुसरी एक गोष्ट मात्र घेतली. तिथे चार्ली वर्गोस यांनी १९४८ साली सुरू केलेले रॉन्देव्हू नावाचे खानावळवजा उपाहारगृह कोरड्या मसाल्याच्या बरगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे बरगड्या कोळशावर भाजून झाल्यानंतर वरून मसाला घालतात. भाजून झाल्यावर! दिल्लीकडे तंदुरी कोंबडीवर शेवटी चाट मसाला भुरभुरतात, त्यातही हेच आहे, पण रोजच्या पाहण्यातली गोष्ट असल्यामुळे तिच्यामागचा विचार मला दिसला नव्हता. जो मसाला विस्तव सोसू शकत नाही त्याला विस्तव उतरल्यावर बोलवावे, इतका तो साधा विचार आहे.

बाकीच्या जिनसांबद्दल थोडक्यात सांगते. जिरे धण्यांच्या मानाने फार थोडेच घ्यावेत, कारण ते लवकर कडवट होतात. हळद पाव चमच्याच्या वर नको. ती सांगलीची असो वा वायगावची, रश्शात तिचा कच्चा वास तेलात आणि पाण्यात मरतो, पण कोरड्या पृष्ठभागावर जास्त झाली तर तो मरत नाही आणि मातकट चव मागे राहते. लसणाची पूड मी घालत नाही, ती सगळ्यांत आधी जळते. आंबटपणासाठी आमचूर चालतो, पण मला लिंबूच आवडते, तेही ताटात वाढल्यावर पिळलेले. दगडफूल कच्चे घातले तर मुके राहते. तिरफळ मी दोनदा वापरून पाहिले. आतली काळी बी काढून टाकून नुसत्या टरफलांची पूड केली, तर त्याचा जिभेला मुंग्या आणणारा, संत्र्याच्या सालीच्या जवळ जाणारा स्वाद धुराबरोबर फार सुरेख लागला, पण दोन्ही वेळा मनात बांगडाच आला. काही वास एखाद्या पदार्थाचे होऊन गेलेले असतात आणि त्यांना तिथून हलवू नये असे मला वाटते.

असे करत करत एक किलो तंगड्यांसाठी माझ्या हाताला जे प्रमाण बसले आहे ते असे: दोन मोठे चमचे कच्चे धणे, एक लहान चमचा बडीशेप, एक लहान चमचा काळी मिरी, अर्धा लहान चमचा जिरे, चार बेडगी आणि एक संकेश्वरी मिरची, पाव लहान चमचा हळद. सगळे उन्हात तासभर ठेवून, खलबत्त्यात भरड कुटायचे, हळद शेवटी मिसळायची. मीठ यात नाही, हे पुन्हा सांगते. कुटलेला मसाला त्याच दिवशी संपवावा, कारण भाजलेला मसाला वर्षभर टिकतो तसा हा टिकत नाही. आठवड्याभरात त्याचा वास निम्म्यावर येतो.

विस्तवाची मांडणी मसाल्याइतकीच महत्त्वाची आहे. कोळशावर राखेचा पांढरा थर धरला की मी सगळे निखारे शेगडीच्या एका बाजूला सारते. तंगड्यांना मसाला चोळून त्या दुसऱ्या बाजूला, जिथे खाली निखारे नाहीत तिथे, कातडी वर करून ठेवते आणि वर एक जुने पातेले पालथे घालते. तीस-पस्तीस मिनिटे त्यांच्याकडे पाहायचे नाही, फक्त वास घ्यायचा. आधी धणे, मग मिरची, मग चरबीचा वास येतो, आणि हा क्रम उलटा झाला तर आच जास्त आहे असे समजून पातेले थोडे तिरके करायचे. कोंबडी सुरक्षितपणे शिजायला हाडाजवळचे तापमान ७४ अंश सेल्सिअस व्हावे लागते, पण तंगडीचे मांस ऐंशीच्या पुढे गेल्यावर जास्त मऊ होते, कारण तोवर सांध्यांभोवतालच्या चिवट तंतूंचा रस झालेला असतो. तेवढे झाले की शेवटची दोन-तीन मिनिटे कातडी खाली करून थेट निखाऱ्यांवर ठेवायच्या, चिमटा हातातून न सोडता. चरबी ठिबकून ज्वाळा उठली की लगेच बाजूला घ्यायच्या. पहिल्या वर्षी मी जे बारा मिनिटे केले होते, ते आता तीन मिनिटांत संपते.

आईचा मसाला मात्र माझ्या मनातून गेला नव्हता. शेगडीसाठी तो चुकीचा ठरवून बरणी बाजूला सारणे मला जड जात होते, आणि मेम्फिसची ती रीत वाचल्यावर त्याची जागा मला सापडली. तंगड्या उतरवून पाच मिनिटे निवायला ठेवते, तेवढ्यात छोट्या लोखंडी पळीत शेंगदाण्याचे तेल गरम करते, पळी आचेवरून काढते, आणि तेलाचा धूर पूर्ण ओसरल्यावर त्यात एक चमचा कांदा-लसूण मसाला सोडते. तो नुसता फसफसतो आणि तेल लाल करतो. ते तेल तंगड्यांवर चमच्याने ओघळू द्यायचे. भरड धण्यांच्या कुरकुरीत थरावर भाजलेल्या कांद्याचा, खोबऱ्याचा, दगडफुलाचा तो सगळा ओळखीचा वास उतरतो. कच्चा मसाला विस्तवात भाजलेला आणि भाजलेला मसाला विस्तवापासून वाचवलेला, असे दोन्ही एका घासात येतात.

गेल्या जानेवारीत आई पुण्याला आली होती. गच्चीवर गार वारा होता, म्हणून ती शाल लपेटून शेगडीच्या निखाऱ्यांच्या बाजूला बसली आणि मी खलबत्त्यात कुटत होते ते पाहत राहिली. मसाला हातावर घेऊन तिने वास घेतला आणि म्हणाली, "कच्चाच की गं हा." मी होय म्हटले. पातेले उघडले तेव्हा तिने काहीच म्हटले नाही. तंगडी खाऊन झाल्यावर हाडाच्या टोकाशी चिकटलेला धण्याचा एक कण तिने नखाने सोडवून तोंडात टाकला, थोडा वेळ चावत राहिली, आणि बडीशेप किंचित कमी चालेल, असे सांगून दुसरी तंगडी घेतली.

यंदाच्या मे महिन्यात मसाल्याच्या सकाळी मी कोल्हापूरला होते. कढई तापली होती, धण्यांचे सूप निवडून तयार होते. आईने त्यातले पावशेर धणे ओंजळीने बाजूला काढले, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधली, दोरा गुंडाळला, आणि ती माझ्या पिशवीत ठेवून मग बाकीचे धणे कढईत ओतले.